जैविक कीड-नियंत्रक सजीवांचे प्रसारण आणि कायदेशीर दायित्व : हिंगणी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हिंगणी हे गाव बोर धरण व बोर अभयारण्य यांच्या सान्निध्यात वसलेले आहे. कापूस, सोयाबीन व तुरीची शेते आणि संरक्षित वन यांतील अंतर येथे थोडे आहे. रासायनिक फवारणीचा धोका २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील विषबाधेने सर्वांसमोर आणला. त्यामुळे मित्रकीटकांचा पर्याय स्वागतार्ह वाटणे स्वाभाविक आहे. परंतु फवारणी थांबविता येते, सोडलेला कीटक परत बोलाविता येत नाही. त्याने शेजाऱ्याच्या पिकाचे नुकसान केल्यास जबाबदार कोण, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मेक्सिकन भुंग्याचा अनुभव :
गाजरगवताची नोंद भारतात १९५० च्या दशकात पुणे येथे झाली. त्याच्या नियंत्रणासाठी झायगोग्रामा बायकोलोराटा हा पाने खाणारा भुंगा मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आला. पुढे तो सूर्यफुलाची पाने खाताना आढळल्याने वाद उद्भवला व चौकशी झाली. गाजरगवताचे परागकण पडलेली सूर्यफुलाची पाने तो खातो, असे प्रयोगांत दिसून आले. आज हा भुंगा देशाच्या अनेक भागांत स्थिरावला आहे. या वादात शास्त्रीय शंकेचे निरसन झाले. नुकसान झालेच असते तर भरपाई कोणी द्यावयाची, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

कायद्याची चौकट :
कीटकनाशके अधिनियम, १९६८ च्या अनुसूचीत बॅसिलस, ट्रायकोडर्मा यांसारख्या सूक्ष्मजीवांवर आधारित उत्पादनांचा समावेश आहे व त्यांना कलम ९ नुसार नोंदणी आवश्यक आहे. ट्रायकोग्रामासारखे परोपजीवी व भक्षक कीटक या अनुसूचीत नाहीत. परदेशी कीटकाच्या आयातीसाठी वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार परवाना लागतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६२अ नुसार आक्रमक परकीय प्रजातींचे नियमन केंद्र शासनास करता येते. या तरतुदी प्रतिबंधात्मक आहेत. शेजाऱ्याच्या भरपाईचा मार्ग त्यांत नाही.

दायित्वाची तत्त्वे :
रायलँड्स विरुद्ध फ्लेचर (१८६८) या खटल्यातील कठोर दायित्व धोकादायक वस्तू जमिनीबाहेर निसटल्यास लागू होते. येथे कीटक निसटत नाही, हेतुपूर्वक सोडला जातो. एम. सी. मेहता (१९८७) प्रकरणातील निरपेक्ष दायित्व धोकादायक उद्योगांसाठी आहे. मित्रकीटक त्या व्याख्येत बसविणे कठीण आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० खाली भरपाई मागता येते, परंतु अनुसूची एकमधील कायद्यांशी संबंध दाखवावा लागतो. कीटकनाशके अधिनियम त्या अनुसूचीत नाही. ट्रायकोकार्ड विकत घेणारा शेतकरी ग्राहक ठरू शकतो. शेजारी मात्र ग्राहक नसतो. म्हणून त्याच्यासाठी मुख्यतः निष्काळजीपणाचा दावा उरतो. त्यात कर्तव्य, कर्तव्यभंग व नुकसान यांचा परस्परसंबंध सिद्ध करावा लागतो. कीटक उडतो, प्रजनन करतो, पिढ्या बदलतात. तो कोणी सोडला, हे अल्पभूधारक शेतकऱ्याने कसे सिद्ध करावे? खरी अडचण पुराव्याची आहे.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कीटक सोडण्यापूर्वीची शास्त्रीय तपासणी कायद्याने ओळखली आहे, सोडल्यानंतरचे उत्तरदायित्व मात्र अस्पष्ट ठेवले आहे. यावर पहिला उपाय नोंदीचा आहे. कोणता कीटक, किती संख्येने, कोठून आणून, कोणत्या गटात व कोणत्या दिनांकास सोडला, याची नोंद जैविक विविधता अधिनियम, २००२ खालील ग्रामपातळीवरील जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे ठेवता येईल. सार्वजनिक हितासाठी शासकीय संस्थेने कीटक सोडला असल्यास नुकसानीचा भारही सार्वजनिक निधीने उचलणे न्याय्य ठरेल. अभयारण्यालगतच्या हिंगणीसारख्या गावांपासून अशा नोंदींचा आरंभ व्हावा. यामुळे मित्रकीटकांचा प्रसार रोखला जाणार नाही. उलट त्यांच्यावरील शेतकऱ्याचा विश्वास दृढ होईल.