असंघटित कामगार: समज आणि वस्तुस्थिती

भारतात काम करणाऱ्या दर दहा माणसांपैकी जवळपास नऊ जणांना ना नेमणूकपत्र असते, ना भविष्यनिर्वाह निधी, ना भरपगारी रजा. अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००४-०५च्या आकडेवारीवरून हे प्रमाण सुमारे ९२ टक्के असल्याचे दाखवले. त्यामुळे असंघटित काम हा अर्थव्यवस्थेचा काठावरचा भाग आहे, हे म्हणणे मुळातच चुकीचे ठरते.

असे कामगार फक्त टपरीवर, शेतात किंवा मजूर अड्ड्यावरच असतात, असेही मानले जाते. त्याच आयोगाच्या हिशेबाने संघटित क्षेत्रातले जवळपास निम्मे कामगारही असंघटितच होते. कंपनी नामांकित, पण माणूस ठेकेदाराचा, हे चित्र आता सर्वांच्या परिचयाचे आहे.

या बाजाराला नियम नसतात, हा समज ऊसतोडीपुढे टिकत नाही. बीडसारख्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांचा व्यवहार हंगामाआधीच ठरतो. मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मजुरी टनावर मिळते. आजारपणाने एक दिवस चुकला तरी खाडा पडतो, म्हणजे मजुरी बुडते आणि वर दंडही कापला जातो. उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. टनाचा दर तर साखर संघ आणि कामगार संघटनांच्या करारातून ठरतो. नियम असे काटेकोर आहेत, पण हिशेबाची वही मुकादमाकडे असते.

ही माणसे कर भरत नाहीत, हा आरोपही अर्धवट आहे. प्राप्तिकर द्यावा लागेल एवढी बहुतेकांची कमाईच नसते. मोबाइलच्या रिचार्जवरचा जीएसटी मात्र कोणालाच चुकत नाही.

मालक रोज बदलत असेल तर कामगाराला संरक्षण देता येत नाही, हा समज महाराष्ट्राने १९६९च्या माथाडी कायद्याने खोटा ठरवला. हमाल सकाळी एका गाळ्यावर, तर दुपारी दुसऱ्या गाळ्यावर माल उतरवतो. म्हणून कायद्याने मध्ये मंडळ उभे केले. व्यापारी मजुरी आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांची लेव्ही मंडळात भरतो. मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस आणि ग्रॅच्युइटी मंडळ देते. अर्थात हे सारे मंडळाकडे नोंद झालेल्यांपुरते; त्याच बाजारातल्या नोंद नसलेल्या हमालाला रोख मजुरीपलीकडे काही मिळत नाही.