चुळबुळ कशासाठी?

‘नीट बस!’ जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत दिवसभरात हे शब्द कितीदा कानावर येत असतील! ज्याला ते ऐकावे लागतात तो पोऱ्या बाकावर सरकतो, पाय हलवतो, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडतो. एडीएचडी, म्हणजे अवधानाची आणि अतिचंचलतेची अडचण असलेलं मूल बहुधा असंच ‘वांड’ म्हणून ओळखलं जातं.

आता फ्लोरिडातला एक प्रयोग पाहा. ८ ते १२ वर्षांच्या ५२ मुलग्यांना पडद्यावर उलटसुलट आकडे आणि एक अक्षर दाखवलं. आकडे मनातल्या मनात क्रमाने लावायचे, अक्षर शेवटी सांगायचं. कोण किती हलतंय हे कॅमेरे टिपत होते. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले: एडीएचडी असलेली मुलं जितकी जास्त हलली, तितकं त्यांना हे चांगलं जमलं! इतर मुलांचं नेमकं उलट, हालचाल वाढली की उत्तरं बिघडली. म्हणजे जिला आपण अभ्यासातला अडथळा समजत आलो, ती चुळबुळ मेंदूला जागं ठेवण्याची धडपड असावी.

मेंदू वाढतो तोही आपल्या वेळेने. संशोधक फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की मेंदूच्या बाह्य थराचा निम्मा भाग पूर्ण जाडीला पोचतो तेव्हा इतर मुलं साधारण साडेसात वर्षांची असतात, एडीएचडी असलेली साडेदहाची. क्रम तोच, फक्त उशीर. आणि गंमत बघा, हालचाल घडवणारा भाग मात्र या मुलांत थोडा आधीच तयार होतो! पळायला पाय सज्ज, आवरणारा अजून वाटेत.

मग शिक्षकाने करायचं काय? १९६९ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या चौथीच्या एका दंगेखोर वर्गात खेळ मांडला गेला. वर्गाचे दोन गट, नियम मोडला की फळ्यावर खूण, खुणा कमी तो गट जेवणाच्या रांगेत पुढे. दोघांच्याही खुणा कमीच राहिल्या तर दोन्ही गट जिंकू शकत. दंगा झपाट्याने उतरला. पुढे बाल्टिमोरमध्ये पहिलीत हा खेळ खेळलेली मुलं विशीत आली तेव्हा त्यांची पाहणी झाली. पहिलीत सर्वांत आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये व्यसनाचं प्रमाण कमी आढळलं. पहिलीतल्या खेळाचा हात इतका लांब पोचतो!

या खेळाचं बळ बक्षिसापेक्षा तत्परतेत आहे. महिनाअखेरीची शाबासकी एडीएचडी असलेल्या मुलांना ओढत नाही. त्या क्षणी मिळालेली ओढते. मूल तेच राहतं, भोवतालचं बदलतं. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला शिकवणारे साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांचा पसारा रागावण्याऐवजी स्वतः आवरत. त्यांच्यासमोर हे संशोधन नव्हतं आणि एडीएचडीवर तो उपायही नव्हे. पण आधी मोठ्यांनी बदलायचं, ही दिशा मला तीच दिसते.

वर्गात करायच्या गोष्टी साध्या आहेत. सूचना एका वेळी एकच. वह्या गोळा करायला, हजेरीपट ऑफिसात न्यायला याच मुलाला उठवा. आणि दंगा केला म्हणून त्याचा मैदानाचा तास कधीही काढून घेऊ नका. २०१३ च्या एका अभ्यासात वीस मिनिटांच्या व्यायामानंतर या मुलांचं वाचन आणि गणित लगेच सुधारलेलं दिसलं. खानदेशात एप्रिलमध्ये दहालाच मैदान तापतं. तेव्हा तो तास सकाळी पहिला ठेवा.