उन्हाळा, खर्रा आणि छातीतली धडधड

मे 2024 च्या अखेरीस अकोल्यात पारा पंचेचाळिशीपार गेला आणि प्रशासनाने उष्म्यामुळे कलम 144 लावले. अशा दिवसांत वऱ्हाडात छातीत धडधडण्याची तक्रार वाढली, तर नवल नाही.

शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामाने पाणी आणि क्षार कमी होतात. रक्तदाब टिकवायला मग हृदय जास्त वेगाने चालते. पोटॅशियम घसरले, तर ठोक्यांची लयही बिघडू शकते. त्यात तंबाखूचा खर्रा तोंडात असेल, तर त्यातले निकोटिन थेट ठोके वाढवते. रिकाम्या पोटी घेतलेला कडक चहा आणखी भर घालतो.

ऊन नसतानाही धडधड होते. मेळघाटात सिकलसेल आणि कुपोषणामुळे रक्तक्षय आढळतो. हिमोग्लोबिन कमी असले, की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. थायरॉइडचा अतिरेक, ताप, चिंता, सर्दीची काही औषधे हीही नेहमीची कारणे. उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा आधीचा हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक.

धडधड झाली, की सावलीत बसा, पाणी प्या, मनगटावरची नाडी पूर्ण मिनिट मोजा. विश्रांतीत 60 ते 100 ठोके सामान्य. नाडी अनियमित लागली किंवा त्रास वारंवार झाला, तर ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. छातीत दुखणे, दम लागणे किंवा भोवळ सोबत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता 108 ला फोन करा.