रंगांची शाळा – भाग ९ : हळदणकरांचा दिवा

मागच्या भागात आपण महादेव विश्वनाथ धुरंधरांची चित्रं पाहिली. १८९६ पासून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते. त्यांच्या हाताखाली घडलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं एक चित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, फक्त ते त्यांचं आहे हे ठाऊक नसतं. हातात दिवा घेतलेली साडीतली स्त्री, ज्योतीआड धरलेला तळहात आणि उजळलेला चेहरा. या चित्राचं नाव ‘ग्लो ऑफ होप’.

हळदणकरांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीला झाला. संस्थानाच्या मदतीने ते मुंबईला शिकायला आले. तेव्हाचं शिक्षण कडक होतं. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग समोर बसलेल्या माणसाचा अभ्यास. मापं, हाडांची ठेवण आणि छायाप्रकाश पक्के झाल्याशिवाय सुटका नव्हती. प्राचार्य सेसिल बर्न्स यांनी जलरंगातल्या व्यक्तिचित्रणाची गोडी लावली, आणि हळदणकर त्यात पुढे गेले.

‘ग्लो ऑफ होप’ जलरंगात आहे, आणि त्याची खरी थोरवी तिथेच आहे. तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड कागदच देतो. जिथे सर्वांत जास्त प्रकाश हवा तिथे कागद जवळजवळ कोरा ठेवायचा आणि भोवतालचा अंधार एकेक पातळ थर देत गडद करत न्यायचा. एकदा गेलेला उजेड पुरता परत मिळत नाही. म्हणून ज्योत, बोटांच्या कडांतून झिरपणारी लाली, गालावरचा प्रकाश या सगळ्यांच्या जागा पहिला ब्रश टेकवण्याआधीच ठरलेल्या असाव्या लागतात.

अशा चित्रांना ‘भावुक’, ‘गोड’ म्हणून बाजूला सारायची रीत १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या गटानंतर रुळली. मला ती अन्यायाची वाटते. या चेहऱ्यावर अश्रू नाहीत, आर्जव नाही, नाट्यमय हावभावही नाहीत. मनाला भिडतो तो प्रकाश, आणि तो तर काटेकोर निरीक्षणातून आला आहे. हळदणकरांची भावना त्यांच्या अभ्यासावर उभी आहे. म्हणून ती टिकली.

चित्रातली स्त्री म्हणजे त्यांची मुलगी गीता, लग्नानंतरच्या गीता उपळेकर. २०१८ साली कोल्हापुरात, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांचं निधन झालं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. पुष्कळ जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. रविवर्मा १९०६ मध्येच वारले आणि हे चित्र १९४० च्या दशकातलं. ज्याचं श्रेय त्याला मिळायलाच हवं.

हळदणकरांनी स्वतःपुरतं रंगवण्यात समाधान मानलं नाही. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत ‘हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट’ काढलं. १९१८ च्या ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’च्या संस्थापकांतही ते होते. १९६८ साली त्यांचं निधन झालं.

आपल्या हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या शाळांतली मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात, तेव्हा वस्तुचित्राच्या पेपरात निरीक्षणाच्या याच परंपरेचा पहिला धडा गिरवतात. त्यांच्या कलाशिक्षकांना एक विनंती आहे. संध्याकाळी खोली अंधारी करा, निरांजन लावा, ज्योतीआड हात धरायला सांगा आणि मुलांना विचारा, सर्वांत उजळ जागा कोणती? ती जागा कागदावर आधी राखायला लावा. पांढरा रंग मात्र हाती देऊ नका.

पुढच्या आठवड्यात : कोल्हापूरचे आबालाल रहिमान.