मुलगी पीएच.डी.पर्यंत का पोहोचत नाही?



दहावी-बारावीचा निकाल लागला की "मुलींचीच बाजी" अशी बातमी दरवर्षी येते. मग पुढे कॉलेजात शिकवायला मुली कमी का दिसतात? हा प्रश्न प्राथमिकच्या शिक्षकांनीही समजून घ्यायला हवा.

आधी आकडे पाहू. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 2014-15 मध्ये देशात पीएच.डी. करणाऱ्या महिला 48 हजारांच्या आसपास होत्या. 2021-22 मध्ये त्या सुमारे 99 हजार झाल्या, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. त्या वर्षी एकूण संशोधक सुमारे 2 लाख 12 हजार होते, म्हणजे मुली जवळपास निम्म्या. पण महाविद्यालये-विद्यापीठांतल्या शिक्षकांत महिला 43 टक्केच. म्हणजे गळती आहे ती पुढच्या टप्प्यावरही.

असं का होतं? एम.ए., एम.एस्सी. होईपर्यंत वय 22-23 होतं. सेट-नेट, प्रवेश परीक्षा, मग प्रबंध. हीच वर्षं लग्नाची आणि बाळंतपणाची. धुळ्याची मुलगी लग्न होऊन नाशिकला किंवा सुरतला गेली, की मार्गदर्शक इकडे आणि संसार तिकडे. मुलाचं लग्न झालं तरी त्याचं संशोधन थांबत नाही. पदवी मिळाल्यावरही सुरुवात बहुधा तासिका तत्त्वावर. तुटपुंज्या मानधनासाठी रोज जळगाव-धुळे प्रवास करायचा म्हटलं, की घरचे तिलाच म्हणतात, "सोड ना, काय पडलंय त्यात!"

पूर्वी तर दारातच अडवायचे. कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना 1933 मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी हट्ट धरला, तेव्हा अटी घालून घेतलं. त्यांनी काम करून दाखवलं आणि 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. आज तसं दार कोणी बंद करत नाही, पण घरातला उंबरठा अजून तसाच आहे.

नियम मात्र बदललेत आणि ते पालकांना माहीत हवेत. युजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ची मुदत 6 वर्षे, पुनर्नोंदणी करून आणखी 2. महिलांना त्यावर आणखी 2 वर्षांची सवलत मिळू शकते, म्हणजे एकूण 10 वर्षांपर्यंत. शिवाय पूर्ण काळात 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. जेआरएफसाठी मुलींना वयातही 5 वर्षांची सूट आहे. म्हणजे लग्न झालं, मूल झालं म्हणून नोंदणी रद्द करायची गरज नाही.

आपल्या जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात आपल्या लेकीने प्रबंध अर्धवट सोडावा, हे बरं नाही.

आपण काय करू शकतो? वर्गात "मोठेपणी कोण होणार?" विचारताना डॉक्टर, पोलीस यांच्यासोबत "संशोधक" हा शब्दही सांगा. प्रयोगाचं साहित्य मुलांच्या हाती आणि वही मुलींच्या हाती, असं होऊ देऊ नका. पालकांनी स्थळ बघताना पगार, शेती विचारतो तसंच "हिचं शिक्षण पूर्ण करू द्याल ना?" हेही स्पष्ट विचारावं. आणि सुनेचा प्रबंध चालू असेल तर संध्याकाळचे दोन तास तिला मोकळे द्यावेत. त्याला पैसे लागत नाहीत.