सचिनच्या हवेत विमानाचा पत्रा

२८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे छत हवाई बेटांवर उडताना उखडले आणि एका हवाईसेविकेचा जीव गेला. ८९,६८० उड्डाणे झालेल्या त्या विमानाच्या जोडांत क्षरण आणि धातूचा थकवा एकत्र आले होते. हे क्षरण आज विद्यार्थी संगणकावर मांडू शकतात, पण ओलावा, क्षार, तापमान यांचे आकडे प्रारूपाला बाहेरूनच पुरवावे लागतात. विमानाच्या २०२४ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूत सुमारे ४ टक्के तांबे असते. त्याने ताकद येते, मात्र तांबेयुक्त कणांभोवतीच क्लोराइडमुळे खड्डे पडतात.

मग मिठाच्या फवाऱ्याची प्रमाणित चाचणी पुरेशी नाही का? नाही. तिथे ३५ अंशांवर ५ टक्के मिठाचे पाणी अखंड उडत राहते. खरा पत्रा भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो. सुरतजवळच्या सचिन या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांचा धूर आणि किनारपट्टीची दमट हवा दोन्ही आहेत, सुरतचा विमानतळही समुद्राजवळच. विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पाच्या मुदतीत अशा हवेतले क्षरण मोजून होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून महाविद्यालयांनी यंदाच्या वर्गाकडून तिथल्या उघड्या हवेत पत्रे टांगून घ्यावेत आणि पुढच्या वर्गाकडून मोजून घ्यावेत.