गावकीचा अंतिम सामना, घराघरांत

रविवारी, १९ जानेवारी २०२५ला, दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांच्या संघांनी पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. पुरुषांनी नेपाळला ५४-३६ असे हरवले, महिलांनी ७८-४० असे. त्याबद्दल तेव्हा पुष्कळ लिहून आले, त्यात भर घालत नाही. पण त्याच रविवारी डब्लिनच्या क्रोक पार्कवर दोन सामने झाले आणि तेही टीव्हीवर थेट दिसले. आपल्या मातीतले खेळ पडद्यावर कसे आणावेत, याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ते पाहण्यासारखे होते.

सामने होते आयर्लंडच्या क्लब अजिंक्यपदाचे, एक हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाचा आणि एक गेलिक फुटबॉलचा. हर्लिंगमध्ये डब्लिनच्या ना फिअनाने कॉर्कच्या सार्सफिल्ड्सला हरवले. फुटबॉलमध्ये डब्लिनच्याच कूलाने टायरोन परगण्यातल्या एरिगल किरॉनला हरवले. मैदान ८२ हजार ३०० लोक मावतील असे. खेळणारे मात्र शिक्षक, विद्यार्थी, शेतकरी, नोकरदार. कुणालाही खेळण्याचे मानधन नाही. सोमवारी ज्याची त्याची कामे ठरलेली.

इथे क्लब म्हणजे व्यावसायिक संघ नव्हे. चर्चच्या एका पॅरिशभोवतीची गावे मिळून एक क्लब होतो. तुम्ही जिथे वाढता, तिथूनच खेळता. क्लब बदलणे दुर्मीळ, आणि कुणी बदललाच तर वर्षभर त्याची चर्चा चालते. परगण्याचा विजेता प्रांतात जातो आणि चार प्रांतांचे विजेते देशपातळीवर भिडतात. देशपातळी म्हणजे उत्तर आयर्लंडच्या सीमेच्या दोन्ही बाजू, सगळे ३२ परगणे. त्या रविवारी हरलेल्या एरिगल किरॉनचीच गोष्ट घ्या. एका पॅरिशमधल्या भांडणातून वेगळे झालेले दोन गट १९९०मध्ये पुन्हा एकत्र आले, तेव्हा हा क्लब उभा राहिला. २००३मध्ये टायरोनचा कर्णधार म्हणून देशाचा करंडक उचलणारा पीटर कॅनव्हन याच क्लबचा, आणि त्या रविवारी त्याची दोन मुले, डॅरा आणि रूरी, याच क्लबकडून मैदानात होती. टीव्हीला अशी गोष्ट लिहून घ्यावी लागत नाही, ती क्लबच्या दप्तरात असतेच.

मात्र ही गोष्ट पडद्यावर यायला फार वर्षे लागली. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, १८८४ची. आयर्लंडची टीव्ही सेवा १९६१च्या शेवटच्या दिवशी सुरू झाली. पण सामना घरी दिसू लागला की लोक मैदानात येणार नाहीत, ही धास्ती संघटनेला अनेक दशके होती. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत परगण्यांच्या स्पर्धेतलेही मोजकेच मोठे सामने थेट दिसत. मग क्लबांना कोण विचारणार!

विचारले ते एका नव्या, लहान वाहिनीने. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनेमारातून आयरिश भाषेतली दूरचित्रवाणी सुरू झाली. आज तिला टीजी फोर म्हणतात. तिच्यावर टीका भरपूर झाली. ही भाषा घरात बोलणारे थोडे, त्यांच्यासाठी करदात्यांचा पैसा का, असे विचारले गेले. परगण्यांचे मोठे सामने सरकारी आरटीईकडे होते आणि ते हिसकावून घेण्याइतका पैसा नव्या वाहिनीकडे नव्हता. तेव्हा तिने हिवाळ्यातली लीग घेतली, तरुणांच्या स्पर्धा घेतल्या, क्लबचे सामने घेतले. महिलांच्या फुटबॉल स्पर्धेचे तर २००१पासून प्रायोजकत्वच घेतले. यातले काहीही तेव्हा बाजारात मौल्यवान नव्हते. टीजी फोरने ते मौल्यवान केले, आणि तेही एका साध्या निर्णयाने: सामना लहान असला तरी प्रक्षेपण लहान करायचे नाही. तोच पूर्वपरिचय, तेच जाणकार, मध्यंतरातले तेच विश्लेषण, आणि संपूर्ण समालोचन आयरिशमध्ये.

हे प्रक्षेपण तयार करणारी कंपनीही राजधानीतली नाही. नेमेटन ही संस्था वॉटरफर्ड परगण्यातल्या रिंग नावाच्या आयरिशभाषक किनारी वस्तीत आहे. म्हणजे समालोचन आयरिशमध्ये आहे ते स्टुडिओत बसून कुणी भाषांतर केले म्हणून नाही. काम करणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्याचीच ती भाषा आहे. मला यात फार मोठी गोष्ट दिसते.

२०२२च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आयरिश येते असे सांगितले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे मात्र ७२ हजारही भरले नाहीत. शाळेत शिकून मग हातून निसटलेली भाषा, असे या समाजाचे भाषेशी नाते आहे. अशा समाजात डिसेंबरच्या रविवारी दुपारी, सक्ती नाही, परीक्षा नाही, तरी असंख्य घरांत तासभर आयरिश ऐकली जाते, कारण आपल्या शेजारच्या पॅरिशचा मुलगा चेंडू घेऊन धावतो आहे. शब्द अर्धेच समजले तरी गोल झाला हे समजते. पुढच्या वेळी आणखी चार शब्द समजतात. सामन्यानंतर मैदानावर उभ्या खेळाडूला आयरिश येत नसेल तर त्याला इंग्रजीत बोलू देतात, कुणालाही शरमिंदे करत नाहीत. भाषा टिकवण्याच्या सरकारी योजनांबद्दल मी बरेच वाचले आहे. या रविवारच्या दुपारींइतके पटणारे त्यात क्वचितच सापडले.

आयरिश समालोचनाच्या या परंपरेचे मूळ एका माणसापाशी जाते, त्याच्याबद्दल थोडे विस्ताराने सांगायलाच हवे. मीहॉल ओ मुरहर्टी जून २०२४मध्ये ९३व्या वर्षी गेले. केरी परगण्यातल्या डिंगल भागातल्या शेतकरी घरातला हा मुलगा शिक्षक होण्यासाठी डब्लिनला आला. आयर्लंडच्या नभोवाणीने आयरिश समालोचकाच्या शोधात चाचणी ठेवली आणि इतर विद्यार्थ्यांबरोबर तोही गेला. क्रोक पार्कवर हर्लिंगचा सामना चालू होता. त्याच्या भागात हर्लिंग जवळपास नव्हतेच, आणि मैदानावर त्याच्या ओळखीचा एकच खेळाडू होता. मग काय, बहुतेक समालोचन त्या एकाभोवतीच फिरले. निवड त्याचीच झाली. १९४९च्या सेंट पॅट्रिक दिनी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने पहिला सामना आयरिशमध्ये सांगितला. पुढे साठहून अधिक वर्षे, २०१०पर्यंत, तो आवाज थांबला नाही. या काळात त्यांनी शाळेत शिकवलेही आणि डब्लिनमध्ये राहणाऱ्या केरीच्या खेळाडूंचा सरावही घेतला.

त्यांची रीत अशी: चेंडू कुणाकडे आहे एवढे सांगून ते थांबत नसत. तो कुणाचा मुलगा, त्याची आजी कुठल्या गावची, बाप कुठला आणि आई कुठून आली, हे सगळे चेंडू हवेत असताना सांगून व्हायचे. वडील फरमॅनाचे आणि आई फिजीची असलेल्या शॉन ओग ओ हॉलपीनची ओळख त्यांनी अशी करून दिली होती की ती आजही आयर्लंडमध्ये लोक तोंडपाठ म्हणून दाखवतात. आज क्लब सामन्यांच्या समालोचनात गावांची, घराण्यांची, जुन्या सामन्यांची जी माहिती ओघाने येते, ती मला त्यांचीच देणगी वाटते. परगण्याच्या सामन्यात ती सोय होती. क्लबच्या सामन्यात ती गरज आहे, कारण प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी त्या खेळाडूंची नावे पूर्वी ऐकलेलीच नसतात.

कॅमेऱ्याचे काम त्याहून कठीण. मैदानाची लांबी १३० ते १४५ मीटर. हर्लिंगचा चेंडू आकाराने क्रिकेटच्या चेंडूएवढा पण हलका, ११० ते १२० ग्रॅमचा, आणि तो लाकडी काठीने एका फटक्यात अर्धे मैदान ओलांडतो. खेळाडूच्या चेहऱ्यावर कॅमेरा रेंगाळला की पुढचा गोल निसटलाच. नोव्हेंबर-डिसेंबरचे प्रांतीय सामने परगण्यांच्या लहान मैदानांवर होतात. सूर्य खाली आलेला, थेट भिंगात. चार वाजून गेले की अंधार. पाऊस तर असतोच. म्हणून अनुभवी दिग्दर्शक दूरची, रुंद चौकट सोडायला सहसा तयार होत नाही.

याचे मोल दोन सामन्यांत कळले. १२ फेब्रुवारी २०२२च्या हर्लिंग अंतिम सामन्यात किलकेनीचे बॅलीहेल शॅमरॉक्स वॉटरफर्डच्या बॅलीगनरविरुद्ध जिंकल्यात जमा होते. वाढीव वेळेत हॅरी रडलने गोल मारला आणि २-१७ विरुद्ध १-१९, म्हणजे एका गुणाने, बॅलीगनरने आपला पहिला करंडक नेला. (गोलचे तीन गुण, दांडीवरून मारलेल्या फटक्याचा एक.) त्या गोलमागची धावपळ पडद्यावर पुरती दिसली. चौकट रुंद होती म्हणूनच.

दुसरा सामना २२ जानेवारी २०२३चा, आणि तो सुखाचा नाही. डब्लिनच्या उपनगरातला हजारो सभासदांचा किलमकड क्रोक्स विरुद्ध डेरी परगण्यातल्या मॅहरा गावचा ग्लेन. शेवटच्या क्षणी किलमकड दोन गुणांनी पुढे होते आणि ग्लेनला ४५ मीटरवरून फटका मिळाला होता. एक गोल झाला असता तर करंडक ग्लेनचा. तेवढ्यात किलमकडने बदली खेळाडू आत पाठवले, पण बाहेर जायचे होते ते वेळेत बाहेर गेलेच नाहीत. पंधरांच्या जागी सोळा-सतरा जण मैदानात, त्यांतला एक थेट गोलरेषेवर. किलमकडने सामना १-११ विरुद्ध १-९ असा जिंकला. पण चित्र नोंदले गेले होते. ते थांबवून, मोठे करून लोक माणसे मोजू लागले. ग्लेनने हरकत घेतली, संघटनेच्या समितीने फेरसामन्याचा आदेश दिला, किलमकडने अपील केले, आणि शेवटी ग्लेननेच माघार घेतली. करंडक किलमकडकडे राहिला.

माझे मत स्पष्ट आहे: फेरसामना व्हायला हवा होता. पण त्यापेक्षा महत्त्वाचे हे की, पंचवीस वर्षांपूर्वी अशा सामन्यात सतरावा माणूस उभा राहिला असता तर ग्लेनच्या गावकऱ्यांचे म्हणणे केवळ हरलेल्यांची तक्रार ठरले असते. प्रक्षेपणाने लहान गावाच्या हाती पुरावा दिला. संघटनेच्या नियमांनी तो पेलला नाही, हा दोष नियमांचा. ग्लेनने पुढच्याच वर्षी, २१ जानेवारी २०२४ला, रॉसकॉमनच्या सेंट ब्रिजिड्सला हरवून करंडक घरी नेला.

हे सारे आजवर फुकट दिसत आले आहे, आणि माझी काळजी तिथेच सुरू होते. २०१४मध्ये जीएएने परगण्यांच्या सामन्यांचा काही हिस्सा स्काय या पैसे घेणाऱ्या वाहिनीला दिला. तो करार २०२२ला संपला. परदेशातल्या आयरिश लोकांसाठी संघटनेने आणि आरटीईने मिळून काढलेली जीएएगो ही इंटरनेट सेवा मग देशातही सामने विकू लागली. २०२३च्या मे महिन्यात हर्लिंगचे काही चुरशीचे सामने पैसे भरल्याशिवाय दिसेनात आणि देशभर संताप उसळला. मालवणजवळच्या वराड गावाचे मूळ सांगणारे लिओ वराडकर तेव्हा पंतप्रधान होते. त्यांचे उपपंतप्रधान मीहॉल मार्टिन यांनी सामने मोफत दिसावेत अशी भूमिका उघडपणे घेतली. मार्टिन कॉर्कचे, त्यांचा मुलगा नीमो रेंजर्स क्लबचा गोलरक्षक. जानेवारी २०२५मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले. पुढे आरटीई त्या सेवेतून बाहेर पडली आणि ती एकट्या संघटनेची झाली.

क्लबच्या खालच्या फेऱ्यांत पैसे घेऊन सामने दाखवणे आधीच सुरू झाले आहे. २०२०मध्ये महामारीमुळे मैदाने बंद झाली तेव्हा परगण्यांच्या मंडळांनी सामने इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली, सामन्यागणिक पैसे घेऊन. त्या वेळी ती मोठी सोय होती. सिडनीत आणि न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या मुलांसाठी ती आजही आहे, आणि त्या पैशातून परगण्याचे मंडळ चालते हेही खरे. पण तिथले समालोचन बहुतेक इंग्रजीत असते.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. जानेवारी २०२५मध्ये जिंकलेले दोन्ही क्लब डब्लिनचे. कूला म्हणजे डॉकी हे समुद्राकाठचे सधन उपनगर. त्यांनी करंडक प्रामाणिकपणे मिळवला, कॉन ओकॅलहनसारखा खेळाडू कुणालाही हवासा वाटेल. तरीही लोकसंख्या शहराकडे सरकते आहे, पश्चिमेकडच्या पॅरिशांना पंधरा मुले जमवणे जड जाते आहे, आणि कॅमेरा ते बदलू शकत नाही. तो एवढेच करू शकतो की, त्या पॅरिशचा संघ एखाद्या डिसेंबरात प्रांताच्या अंतिम फेरीत पोहोचलाच, तर त्याला तीच प्रतिष्ठा द्यायची. त्यासाठी सामना सगळ्यांना दिसला पाहिजे. प्रांतांच्या अंतिम फेरीपासून पुढचे क्लब सामने कायम मोफत आणि आयरिश समालोचनासह दाखवले जातील, असे बंधन जीएएने स्वतःवर घालून घ्यावे.